सत्तूरने निवडलेली नळी

गल्लीच्या तोंडाशी मटणाचं दुकान होतं. मालकाला सगळे सत्तूर म्हणत. माणूस आडमाप, आवाज फाटका, पण गल्लीतल्या कुत्र्यांचा वाली. कुणी कुत्र्यासाठी हाड मागितलं की हा दोन-चार हाडं ओंडक्यावर आपटून बघायचा आणि ठण्ण वाजेल ते द्यायचा. "खणखणीत न्या. दात घासून निघतात, किटण राहत नाही," असं वर शहाणपणही फुकट. उभा जन्म हाडं फोडण्यात गेलेला माणूस. त्याच्याशी वाद कोण घालणार?

त्याच्या स्वतःच्या कुत्रीचं नाव काळी. तिच्या वाट्याला दुकानातली सगळ्यांत दणकट मांडीची नळी. हल्ली ती एकाच बाजूनं चावायची, नळी हुंगून सोडून द्यायची. सत्तूरला वाटलं, लाडानं दात पोचट झाले. म्हणून त्यानं आणखी टणक नळी निवडली.

बायको म्हणाली, "अहो, तिच्या तोंडाला घाण मारतेय. डॉक्टरकडे न्या."

"तुझ्या तोंडाला कधी नाव ठेवलं का मी?"

"ठेवून बघा. मग ताटात नळीच वाढते."

निघाला मुकाट्यानं. काळीला चुचकारायला एक नळी पिशवीत घेतली.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी काळीचा वरचा ओठ उचलला. मोठ्या दाढेची बाहेरची बाजू ढलपीसारखी सुटून लोंबत होती. आत लालभडक नस उघडी. हा गडी टेबलाची कड धरून उभा राहिला.

"बाई, ही ओरडली कशी नाही?"

"कुत्री सोसतात. दाढ काढावी लागेल. चघळायला काय देता?"

त्यानं नळी पुढे केली.

"मारा स्वतःच्या गुडघ्यावर."

"आं?"

"मारा हो."

त्यानं मारली. "आई गं!"

"गुडघ्याला सोसत नाही ते दाढेला कसं सोसेल? नख रुतेल, थोडं लवेल असंच काही द्यायचं. शिजवलेलं हाड तर नकोच, त्याच्या काड्या आतड्यात घुसतात."

सत्तूरनं नळी तिथंच टाकली. मग काळीला तिथंच ठेवून लंगडत गल्लीत पळाला, थेट बेकरीवाल्या काकूंकडे.

"काकू, तुमच्या कुत्र्याचं तोंड उघडा."

"का रे मेल्या, दात बघून भाव ठरवतोस होय?" हसत हसतच त्यांनी ओठ उचलला. हसू अर्ध्यात अडकलं. तीच दाढ. तशीच उभी चिरलेली.

"सत्तूर... हे काय रे?"

 बोटानंच त्यानं आपल्या छातीकडे दाखवलं. मग वळला आणि शेजारच्या दाराची कडी वाजवली. आत कुत्रं भुंकलं.