छाटणं

"ताई, हा शब्द कुठून आला, ठाऊक आहे?" कोपरापर्यंत साबण लावलेले हात वर धरून आमचे सर्जनसाहेब विचारत. झाशीच्या त्या इस्पितळात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. मी जवळच्या बबिन्याच्या छावणीत बदलून आलेल्या फौजीची बायको, वॉर्डातली सिस्टर. त्यांचे पूर्वज इथल्याच गुरसरायच्या मराठी जहागिरीत नोकरीला आलेले. त्यांची मराठी जुन्या वळणाची, मधूनच हिंदीत शिरणारी.

पाय कापायचा असला की 'अँप्युटेट' हा शब्द ते खडीसाखरेसारखा चघळत. "लॅटिनात हा माळ्याचा शब्द, बरं का! झाडाच्या फांद्या चहूबाजूंनी उतरवायच्या. आपलं छाटणंही तेच. अन् हिंदीत छाँटना म्हणजे निवडणंसुद्धा. तीन भाषा, एकच कात्री!" मला हसू येई. तुम्हीही हसला असतात.

एकदा चिरगावचा एक माळी आला. काटा रुतून पाय गुडघ्यापर्यंत काळा पडलेला. तो तयार होईना. साहेब त्याच्या खाटेवर बसले.

"भैया, पेड़ छाँटते हो न? पेड़ मरता है क्या?"

"नहीं, साहब."

"तो फिर?"

त्यानं होकाराची मान हलवली.

टाके काढायच्या दिवशी त्यानं स्वतःच चादर बाजूला केली. "साहब, पेड़ में तो कोंपल फूटती है." छाटलेल्या झाडाला नवा फुटवा येतो, एवढंच म्हणाला, रागावून नव्हे. साहेबांच्या हातातला चिमटा थांबला.

पुढे दर रविवारी ते बसनं चिरगावला जात. जखम भरली, पण माणूस उठला नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राही. बायको भरवी तेवढं खाई, मग तेही सोडलं. एका रविवारी साहेब लवकर परतले आणि सरळ वॉर्डात आले.

"गेला, ताई. त्याची बायको माझ्या पाया पडली. म्हणते, आपने तो बहुत किया."

"पाय ठेवला असता तर आधीच गेला असता, साहेब."

"हो. पण त्याला खरं सांगून विचारायला हवं होतं. मला शब्द सुचला आणि मी खूश झालो."

त्यानंतर त्यांनी एकाही शब्दाचं मूळ सांगितलं नाही. नातेवाइकांना "काटना पड़ेगा" एवढंच म्हणत, तेही खाली बघून. जेवणाचा डबा बऱ्याचदा न उघडता घरी जाई. निवृत्तीनंतर वर्षभरही जगले नाहीत.

बातमी आली तेव्हा मी ड्यूटीवर होते. वॉर्डात सगळ्यांना सांगितली, "डॉक्टर साहब नहीं रहे." मराठीत सांगावी असं तिथं कुणीच नव्हतं.