पिकअपची खांदशेकणी

सौंसर-पांढुर्ण्याच्या रस्त्यावर रिकामी पिकअप लांबूनच ओळखू येते. तिचं बूड वर असतं आणि तोंड खाली. संत्र्याच्या मोसमात क्रेटवर क्रेट रचायचे आणि मागची बाजू बसू नये म्हणून चाकांवरच्या कमानीत, म्हणजे स्प्रिंगमध्ये, जास्तीचे लोखंडी पाटे घालायचे, ही इकडची रीत. आमची पिकअप जुनी घेतलेली. आधीच्या मालकाने दोन्ही बाजूंना दोन-दोन पाटे जास्त घातले होते. भरली की ती शहाण्यासारखी चालायची, आणि रिकामी झाली की प्रत्येक खड्ड्यात आमची डोकी टपाला लावायची.

गाडी मी चालवते. आमचे हे शेजारी बसून मंडईत भाव करायचे. मी भांडते, ते भाव करतात, अशी आमची वाटणी होती. मग त्यांच्या मणक्याची गादी सरकली. डॉक्टर म्हणाले, बसा, फिरा, पण हादरा नको. आमच्या पिकअपमध्ये हादऱ्याशिवाय दुसरं काय होतं? आठ महिने ते ओसरीतल्या खाटेवर राहिले. बोलणं कमी झालं, मग जेवण कमी झालं. खाटेवरचा माणूस मला रोज थोडा आणखी म्हातारा दिसायचा, आणि मला त्याचाही राग यायचा.

म्हणून मी ठरवलं, जास्तीचे पाटे काढून गाडीच खाली आणायची. सौंसरच्या कमानीवाल्या मिस्त्रीला विचारलं, तर तो हसला. "सारे उचलून राहिले, वैनी, अन् तुम्ही उतरवून राहिल्या."

नाकावर राग घेऊन घरी आले. म्हटलं, याच्यावाचून काही अडत नाही. आमच्याकडे क्रेट म्हणजे बसायची खुर्ची, झाडावर चढायची शिडी आणि कोंबड्यांचं घर. मी जॅकने गाडीची मागची बाजू उचलली आणि खाली दोन्हीकडे उलटे क्रेट लावले. जॅक काढून घेतला, तशी गाडी क्रेटांवर टेकली. पाना घेऊन आत हात घातला आणि नट फिरवू लागले. हे खाटेवरून सूचना देत होते. उंटावरून शेळ्या हाकणं चाललंय असं समजून मी लक्ष दिलं नाही.

"हात काढ. आधी हात काढ."

तो आवाज मी आठ महिन्यांत ऐकला नव्हता. हात आपोआप बाहेर आला. त्याच दमात क्रेट फुटला आणि गाडी धाडकन खाली बसली. माझा पाना तिच्याखालीच राहिला.

मी त्यांच्यावरच चिडले. एवढं दिसत होतं तर आधी का नाही सांगितलं, म्हणून भांडले. मग हात पदरात घेऊन चुलीपाशी जाऊन बसले. मी घाबरले होते, हे तेव्हा कबूल केलं नाही, आज करते.

संध्याकाळी ते आपणहून बोलले. "आमचा बाप टेकू लावून बैलबंडीले वंगण देये ना, तवा पहिले बंडी हालवून पाहे. हालली त हात नाई घालायचा."

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी मिस्त्रीला गाडीखाली टेकू द्यायच्या त्याच्या लोखंडी घोड्यांसकट घरी आणलं. ह्यांनी खाट अंगणाच्या कडेला ओढायला लावली आणि हुकूम सुरू केले. पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा, हँडब्रेकच्या भरवशावर राहू नका, तो मागच्याच चाकांना लागतो आणि ती तर हवेत जाणार. गाडी चेसिसखालच्या घोड्यांवर बसवा, जॅकने नुसता मागच्या चाकांचा धुरा तोलून धरा. मिस्त्री मान डोलावत होता, पण ते हालवून पाहायला सांगू लागले तेव्हा तो वैतागला. रोजचं काम आहे माझं, म्हणाला.

"रोजचंच हाये, म्हणून हालवा."

मिस्त्रीने दाखवण्यापुरता धक्का दिला. डावी घोडी श्रावणातल्या ओल्या काळ्या मातीत चार बोटं रुतली आणि कलली. त्याने फळी मागितली. मी जुन्या बंडीची फळी काढून दिली आणि मागून दुसरीही दिली. परत सगळं बसवलं. या वेळी मी आणि मिस्त्री, दोघांनी अंगाचा जोर लावला, पण गाडी हालली नाही.

"आता घाला हात," हे म्हणाले.

दोन्हीकडचा एकेक पाटा काढला, एकेक ठेवला, कारण संत्री तर न्यायचीच होती. पण क्रेट कमी भरायचे आणि दोन फेऱ्या करायच्या, हे मी तिथेच ठरवलं. कमान धुऱ्याला आवळून धरणारे यू-बोल्ट नवे टाकले. थोडी चालवली की नट पुन्हा आवळा, असं मिस्त्रीने बजावलं. गाडी खाली उतरली तेव्हा तिचं तोंड आणि बूड जवळजवळ एका रेषेत आलं.

शेजारी बैलांची खांदशेकणी चालली होती, जुवाने घासलेल्या खांद्यांना हळद-तूप चोळून त्यांना पोळ्याच्या जेवणाचं बोलावणं देत होते. मीही वाटीत हळद-तूप घेतलं, कमानीला बोट लावलं आणि पिकअपला हात जोडले. "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या." हे इतके हसले की त्यांना कंबर धरावी लागली. मला त्या दिवशी जग जिंकल्यासारखं वाटलं.

पोळ्याच्या सकाळी आम्ही रामाकोन्याहून निघालो. मोहगावला नणंदेकडे जेवण होतं. पाठीला उशी लावून ते दोन्ही हातांनी दाराची मूठ धरून बसले. सौंसर गेलं तेव्हा एक हात सुटला. नंतर बोलणंच थांबलं. दुखत असेल म्हणून मी घाबरून पाहिलं. ते काचेला डोकं टेकून, तोंड उघडं टाकून घोरत होते.

मोहगावच्या अलीकडे मी एका निंबाखाली, सपाट जागी गाडी थांबवली, चाकांना दगड लावले आणि पाना घेऊन मागे गेले. आधी हालवायचं, म्हणून बाजूच्या पट्टीवर हात ठेवला, आणि काढून घेतला. चारही चाकं जमिनीवर होती. नट थोडे फिरले, मग घट्ट झाले.

परत येऊन दार लावलं तर ते जागे झाले.

"हालवून पाह्यलं का?"

"नाई. तुम्ही झोपून राह्यले होते."

पाठीची उशी काढून मागे टाकत ते म्हणाले, "पुढच्या मोसमात भाव मी करीन."