देवधरांकडचा थंड चहा

आयर्लंडात, कॉर्कमधल्या मराठी घरांत मूल लीव्हिंग सर्टच्या वर्षाला, म्हणजे इथल्या बारावीला आलं, की एका रविवारी त्याला देवधरांकडे नेऊन बसवायची पद्धत होती. देवधर त्याच्यापुढे एक गणित ठेवत, शेजारी वाफाळत्या चहाचा कप ठेवत आणि स्वतः भांडी विसळायला निघून जात. अर्ध्या तासानं येऊन कागदाकडे बघतसुद्धा नसत, आधी कप बघत. चहा संपलेला असला तर आईबापांना स्वयंपाकघरात बोलावून सांगत, "पोरगं हुशार आहे, इंजिनीअरिंगला घाला." कप भरलेला, वर साय धरलेली असली तर म्हणत, "हे गेलं हातचं! आता याला गणितच करू द्या." परीक्षा चहाची आहे, हे मुलांना कधी कळलं नाही. आम्ही मोठ्यांनीही कळू दिलं नाही.

देवधर माझा नवरा नोकरीला होता त्याच औषधांच्या कारखान्यात गोळ्यांच्या वजनांचे आकडे तपासायचे. मूळचे सांगलीचे, गणितातले बी.एस्सी. बारा वर्षं क्लासमध्ये शिकवलं, मग कर्ज काढून संख्याशास्त्र शिकायला इथे आले. ते कर्ज फिटेपर्यंत डोक्यावरचे केस गेले आणि लग्न राहूनच गेलं. "गणितानं मला कधी फसवलं नाही हो वहिनी," ते म्हणायचे, "पगारानं फसवलं." कोपरावर विरलेला तो तपकिरी स्वेटर बदला म्हटलं की इथल्या लोकांसारखं उत्तर ठरलेलं, "हा अजून ग्रँड आहे!" म्हणजे चांगला चालतोय. आणि गणित चुकलं म्हणून एखादं मूल रडकुंडीला आलं, तर म्हणायचे, "चुकलास? छान. कुठे चुकलास ते शोध, मग हवं तेवढं रड."

माझ्या ईराला डब्लिनला जाऊन गणितच करायचं होतं. आम्हाला इथे येऊन दोनच वर्षं झाली होती, त्यामुळे फी परदेशी मुलांची. वर डब्लिनचं घरभाडं. सासूबाईंचा नाशिकचा फ्लॅट तारण ठेवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. घरी राहून कॉर्कलाच इंजिनीअरिंग केलं असतं तर निम्म्या कर्जात भागत होतं. त्यात कारखान्यात माणसं कमी करणार अशी कुजबुज सुरू झालेली. माझी तर झोपच उडाली होती.

ईराला न्यायचा रविवार ठरला, त्याच्या आदल्या दिवशी मी एकटीच देवधरांकडे गेले. त्यांनी पाकिटाच्या मागे फी, भाडं, व्याज, सुरुवातीचा पगार असं सगळं नीट मांडलं. "इंजिनीअरिंगचं पाच वर्षांत फिटेल. गणिताचं अकरा. पण फिटेल."

"यांची नोकरी गेली तर? त्यात धरलंय का ते?"

"नाही. ते मला मांडता येत नाही."

"मग उद्या काही झालं तरी तिला नाही म्हणा. तुमचं ऐकेल ती. आमचं नाही ऐकायची."

त्यांनी पाकीट उलटं करून ठेवलं. "वहिनी, चहा थंड झाला तरी?"

"तरी," मी म्हटलं.

रविवारी ईरा दातांत जीभ धरून लिहीत होती. शेजारी कप आहे, हे तिच्या गावीही नव्हतं. देवधर आले, त्यांनी कपावरची साय पाहिली आणि तिला विचारलं, "कसं केलंस?" ती भराभरा सांगत सुटली. ऐकताना त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला वाटलं, हे आता शब्द मोडणार. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"ईरा, तू मेहनती आहेस," ते म्हणाले. "पण गणिताला जे डोकं लागतं, ते तुझं नाही, बाळा."

ती कानापर्यंत लाल झाली. "नो, दॅट्स ग्रँड, काका," म्हणाली आणि पेनाला टोपण लावलं. ती बूट घालायला बाहेर गेल्यावर देवधरांनी तो गारढोण चहा सायीसकट, उभ्या उभ्या, माझ्यादेखत पिऊन टाकला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानंतर त्यांनी एकाही मुलाला बसवून घेतलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "माझी नजर बिघडलीय." आणि ईरानं पुन्हा कधी गणिताचा कागद पुढ्यात ओढलेला मी पाहिला नाही.

पुढे ती इंजिनीअर झाली, नोकरीला लागली. मग देवधरांना कॅन्सर निघाला. दर आठवड्याला तीच मला गाडीनं हॉस्पिटलला न्यायची. शेवटच्या भेटीत त्यांनी तिचा हात धरला. "ईरा, त्या दिवशी तुझा चहा थंड झाला होता."

"इट्स ओके, काका. मी दुसरा आणते ना."

त्यांनी मान हलवली आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्या एका वाक्याचं काम होतं. त्या माणसानं आयुष्यात माझ्याकडे दुसरं काही मागितलं नव्हतं. मी त्यांचं पांघरूण सारखं केलं आणि म्हटलं, "काका दमलेत. चल."

लिफ्टमध्ये तिनं विचारलं, "व्हॉट टी, आई?"

"औषधांनी बरळतायत गं," मी म्हटलं. देवधर तिसऱ्या दिवशी गेले.

गेल्या महिन्यात तिच्या कर्जाचा शेवटचा हप्ता गेला. पाचव्या वर्षी, देवधरांनी मांडलं होतं अगदी तसाच. ते पाकीट मी तिला तेव्हाच दाखवलं होतं. सकाळी फोन नाचवत स्वयंपाकघरात आली. "आई, डन! काकांचं बरोबर होतं ना? मॅथ्स घेतलं असतं तर अजून सहा वर्षं फेडत बसले असते."

"हो," मी म्हटलं आणि तिच्यापुढे चहा ठेवला. तिनं तो गरमागरमच संपवला, कप विसळून कपाटात ठेवला, आणि कामावर गेली.