फक्कीची रेघ

एकाहत्तरची लढाई करून पेन्शनीत आलेले एक हवालदार दर रविवारी लोणंदच्या पोरांना फुटबॉल शिकवत. तोंडातली शिट्टी न काढताच बोलत. मैदानाभोवती फक्कीची, पांढऱ्या भुकटीची, रेघ स्वतः मारत. रेघेबाहेरून आम्हा बापांपैकी कुणी ओरडलं, की खेळ थांबवून चेंडूवरच बसत. "तुमी गप व्हा, मग उठतो." आमचा नुसता संताप व्हायचा.

एकदा गोल हुकला म्हणून एका आडतदाराने रेघ ओलांडून आपल्या पोराच्या थोबाडीत मारली. पोराचं नाक फुटलं. हवालदारांनी पहिल्यांदाच शिट्टी तोंडातून काढली.

"भाईर व्हा."

"माझं पोरगं हाय. काय बी करीन."

"रेघेच्या आत ते माझं हाय."

"मग घरी नेऊन सोलतो त्याला," म्हणत बापानं पोराला फरफटत नेलं. त्याचा तो माज आठवला, की अजून तळपायाची आग मस्तकाला जाते.

हवालदारांनी फक्कीची बादली उचलली आणि ते त्याच्या मागोमाग गेले. आडतदाराच्या घराभोवती त्यांनी चारी बाजूंनी ठसठशीत रेघ मारली. मग दारात उभे राहिले.

"आता मारून दाखव."