डाव्या हाताचं अक्षर

काळाचौकीच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहणारा हेमचंद्र परब मसजिद बंदरला मालवाहतूक कंपनीत कारकून. अक्षर इतकं देखणं, की मंडळाचा फळा दरवर्षी त्याच्याकडूनच लिहून घ्यायचे. लॉकडाऊन लागला तेव्हा त्याची मुलगी मनवा पहिलीत होती. बायको रुपाली परळच्या एका इस्पितळात आया. तिला सुट्टी नव्हतीच, उलट दोन-दोन पाळ्या कराव्या लागत. हेमचंद्रचं ऑफिस मात्र बंद. त्यामुळे मनवाचा अभ्यास त्याच्याकडे आला.

बंदी थोडी सैल झाल्यावर त्याने गॅलरीत चाळीतल्या चार पोरांनाही बसवायला सुरुवात केली. मास्क लावून, लांब लांब. ती पोरं चुकली तर तो हसायचा, पुन्हा सांगायचा, दहादा सांगायचा. पोरांच्या आया खालून हाक मारायच्या, "परब सर, आमच्याला जरा पाढे घ्या हां!" 'सर' ऐकून त्याला बरं वाटायचं.

घरात मात्र वेगळंच चाललं होतं. मनवाला अक्षरं लागत नव्हती. 'भ' आणि 'म', 'ब' आणि 'व' तिला सारखेच दिसत. तिसऱ्यांदा सांगतानाच हेमचंद्रचा आवाज चढायचा. "चाळीतली पोरं शिकतात, आणि माझ्याच पोरीला कळू नये?"

शाळेतून व्हॉट्सॲपवर रोज कागद यायचे. सोडवून फोटो पाठवायचा. एका संध्याकाळी मनवा रडून रडून दमली, तेव्हा त्याने पेन्सिल घेतली आणि तिच्या कागदावर स्वतःच लिहिलं. अक्षर लहान मुलाचं वाटावं म्हणून डाव्या हाताने. फोटो गेला. वर्गाच्या ग्रुपवर तिच्या शिक्षिका रश्मीबाईंनी लिहिलं, 'शाब्बास मनवा! सगळ्यांनी मनवाचं काम बघा.'

त्यानंतर थांबणं जमलंच नाही. आजच्या दिवस, उद्यापासून तिच्याकडून करून घेऊ, असं म्हणत तो जवळजवळ दोन वर्षं लिहीत राहिला. मनवा शेजारी बसून बघायची. धडे तो मोठ्याने वाचायचा आणि ऐकून ऐकून तिला पाठ व्हायचे. रुपाली दमून यायची, फोनवरची शाबासकी वाचायची आणि पोरीला जवळ घ्यायची. मनवा तिच्या कुशीत तोंड लपवायची.

शाळा नीट सुरू झाली तेव्हा तिसरीचं वर्ष संपत आलं होतं. पहिल्याच आठवड्यात रश्मीबाईंनी हौसेने तिलाच वाचायला उभं केलं. मनवाने अख्खा धडा न अडखळता म्हटला. शेजारचा मुलगा ओरडला, "बाई, हिचं पान वेगळंच उघडलंय!" सगळा वर्ग हसला.

दुसऱ्या दिवशी हेमचंद्रला बोलावणं आलं. बाईंनी फोनमधले जुने फोटो त्याच्यासमोर धरले. "हे मनवानंच लिहिलंय ना?"

"हो तर. मी फक्त बाजूला बसायचो," हेमचंद्र म्हणाला. मनवा तिथेच उभी होती. तिने एकदा वर बघितलं.

"काल घाबरली असेल," तो पुढे म्हणाला.

बाईंनी कोरा कागद पुढे केला. "लिही गं बाळा, एकच ओळ."

मनवाने उजव्या हाताने पेन्सिल घेतली. मग सावकाश ती डाव्या हातात घेतली आणि कागदावर वाकली.

"डावरी आहेस का तू?" बाईंनी नवलाने विचारलं.

मनवाने बापाकडे बघितलं आणि मान हलवली. हो.

आठ वर्षांची पोर त्याचं खोटं निभावून नेत होती, आणि तेही त्याच्यापेक्षा नीट. हेमचंद्रने तिच्या हातून पेन्सिल काढून घेतली. "बाई, ते मी लिहायचो. सगळं मीच. हिला वाचता येत नाही."

बाईंनी फोनमधले फोटो पुन्हा एकदा पाहिले. मग म्हणाल्या, "एकाही कागदावर खाडाखोड नव्हती. मला तेव्हाच कळायला हवं होतं."

घरी आल्यावर त्याने रुपालीला सांगितलं. ती भाजी चिरत होती, हात थांबला. "वॉर्डात सगळ्यांना सांगत होते मी, की घरी नवरा शिकवतो, पोरगी पुढे जातेय." एवढंच बोलली. पुढे आठ दिवस कामापुरतंच बोलली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मनवा दुपारी शाळेत जायची, रश्मीबाई तिला एकटीला घेऊन बसायच्या. सकाळी ऑफिसला जाण्याआधी तासभर हेमचंद्र बसायचा. 'भ' आणि 'म' पुन्हा पहिल्यापासून. ती खोडायची, पुन्हा लिहायची, कागद फाटायचा. तो दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचा. पाचवीपर्यंत ती वाचायला लागली, ओळीखाली बोट धरून, हळू.

आता ती सातवीत आहे. मार्क बेताचेच, पण तिचे. मागच्या महिन्यात जेवताना तिने एकदम विचारलं, "बाबा, मला कधी येणारच नाही, असं वाटलं होतं का तुला?"

हेमचंद्रचा घास हातातच राहिला. नाही म्हणायचं त्याच्या ओठांवर आलं होतं.

"हो," तो म्हणाला. "वाटलं होतं."

मनवाने मान डोलावली, आणि खाली बघून भात कालवायला लागली.