उरलेल्या तीन फेऱ्या

भर दुपारी, आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, पडक्या चर्चच्या भिंतीला टेकून वसुमतीबाईंचा डोळा लागतोय. समोर पवित्र झरा, पलीकडे समुद्र. इथले लोक झरा उजव्या हाताला ठेवून सात फेऱ्या घालतात, अगदी आपल्या प्रदक्षिणेसारख्या, आणि मोजदाद चुकू नये म्हणून दर फेरीला एक खडा भिंतीवर ठेवतात. बाईंच्या चार झाल्यात. तीन खडे मुठीत आहेत.

ही दहा दिवसांची पायवाट त्यांच्या यजमानांनी, दिगंबररावांनी, दोघांसाठी आखलेली. ते मार्चमध्ये गेले. बाई हट्टाने एकट्याच आल्या खऱ्या, पण आत सगळं बधिर. सकाळी मुक्कामाच्या घरची नोरा टाचेवरचा फोड बघून कळवळली, तर ह्या म्हणाल्या, "दुखत नाही." खरंच दुखत नव्हता.

"पाय वर घे जरा," शेजारून दिगंबरराव म्हणतात. डोक्यावर तीच विटकी टोपी.

"अहो, तुम्ही?"

"मग? एकटीच फिरणार होतीस?"

दोघं चालू लागतात. डावीकडे समुद्र, उजवीकडे दगडी बांध. बांध उंच होतो, त्याला फिकट हिरवा रंग चढतो, आणि हा तर दवाखान्याचा व्हरांडा. बाकांवर मेंढ्या ताटकळत बसल्यात. खोलीत, रिकाम्या पलंगाजवळच्या खुर्चीत एक बाई मान टाकून झोपलीय. वसुमतीबाई स्वतःला ओळखतात.

सहा महिने गिळलेला प्रश्न आता बाहेर येतो. "जाताना मला उठवलं का नाहीत? गडावर निघायचं असलं की ओलं बोट नाकाला लावून उठवायचात. त्या दिवशीच काय झालं होतं?"

"चार रात्री जागली होतीस. हाक मारणार होतो, तर तू घोरायला लागलीस."

"मी घोरत नाही."

"बरं, नाही घोरत."

"मला राग आलाय तुमचा."

"येऊ दे. फेऱ्या किती राहिल्यात?"

"तीन."

"आण इकडे. मी घालतो, तू पड." ते बाईंची मूठ उघडतात.

नाकाच्या शेंड्याला गार लागतं आणि बाई दचकून जाग्या होतात. पाऊस नाही. मूठ रिकामी आहे. भिंतीवर चार सुक्या खड्यांच्या पुढे आणखी तीन आहेत, ओले.

रडू काही येत नाही. बाई पाठपिशवी चढवतात, पाऊल टाकतात, आणि टाचेतून अशी कळ जाते की "आई गं!" म्हणून त्या खालीच बसतात.

मार्चपासून पहिल्यांदाच काहीतरी दुखलं.