मास्तर मांडी घालून बसले

माझी नणंद गाडी शिकली ती हौसेनं नाही. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये ती काम करते. लॅब पूर्वी आमच्या घरापासून चालत जाण्यासारखी होती. मालकांनी ती शहराबाहेर नव्या जागेत नेली. तिकडून परतणारी बस काम सुटायच्या आधीच निघून जाते. मालक माणूस वाईट नाही. ते एवढंच म्हणाले, "येण्याजाण्याचं तुझं तू बघ. नाही जमलं, तर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

दुसरी कुणी असती तर तिनं दुसरी नोकरी शोधली असती. हिचं तसं नव्हतं. घरात तिला सगळे मौनी म्हणतात, कारण लहानपणी ती बरीच वर्षं बोललीच नाही. पुढे बोलायला लागली, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. तिशी उलटल्यावर एका डॉक्टरबाईंनी तपासून सांगितलं, हिला ऑटिझम आहे, जन्मापासूनचा. सासूबाई म्हणाल्या, "आमच्याकडे असलं काही कुणाला नाही." मौनी म्हणाली, "मला आहे," आणि ताट उचलून स्वयंपाकघरात गेली. लॅबमध्ये तिची खिडकीजवळची खुर्ची ठरलेली, दिवा ठरलेला. मेणात एकेक दात बसवताना कुणाशी बोलावं लागत नाही. शेजारच्या टेबलावर बसणारी एक बाई तिच्याशी बोलायची आणि उत्तराची वाटही बघायची. हे सगळं तिनं कसंबसं जमवून आणलं होतं. ते सुटलं तर ती पुन्हा घरात बसणार, हे मला दिसत होतं.

तेव्हा माझ्या नवऱ्यानं, म्हणजे तिच्या दादानं, तिचं नाव ड्रायव्हिंग स्कूलमध्ये घातलं.

मास्तर जाडजूड, मिशाळ, मनानं भले. पण तोंड सारखं चालू. "अहो ताई, अंदाज घ्या, अंदाज!"

"किती?"

"किती म्हणजे? अंदाज म्हणजे अंदाज! समोरचा थांबणार असं वाटलं की आपण थांबायचं."

"मला तसं वाटत नाही. तो थांबल्यावर कळतं."

मास्तरांनी कपाळावर हात मारला. सोबत म्हणून मी सुरुवातीला मागच्या सीटवर बसायचे. तिची मान ताठ आणि कानांच्या पाळ्या लाल झालेल्या दिसायच्या. मागून हॉर्न वाजला की तिचे खांदे वर जायचे ते खाली यायचेच नाहीत. घरी येऊन ती अंधारात पांघरूण घेऊन पडायची. एकदा मला म्हणाली, "वहिनी, बाकीच्यांना रस्ता दिसतो. मला सगळंच दिसतं. पाट्या, चपला, दोरीवरचे कपडे. त्यातून रस्ता शोधावा लागतो." आणि लगेच, "हे दादाला सांगू नका." जणू काही चोरी सांगितली होती.

पण हळूहळू गाडी सुरळीत चालायला लागली. सिग्नलला हळुवार थांबायची, चढावर मागे घसरायची नाही. मीही मग सोबत जाणं सोडलं. मौनीच्या चेहऱ्यावर मी कधी न बघितलेलं काहीतरी दिसायला लागलं. ती जेवताना आपणहून बोलायची, "आज मी चौक ओलांडला." आपल्या लॅबमधल्या त्या बाईला तिनं सांगूनही टाकलं, "लायसन्स मिळालं की तू माझ्याबरोबर ये." आयुष्यात तिनं कुणाला बरोबर यायला सांगितल्याचं मला आठवत नाही. देवापुढे हात जोडले तेव्हा मी दुसरं काही मागितलंच नाही, हिचं एवढं होऊ दे म्हटलं.

टेस्ट झाली. पास झाली. सासूबाईंनी हौसेनं गोड केलं. मौनीनं वाटी तशीच ठेवली.

त्यानंतर ती गाडीला हात लावेना. दादानं किल्ली पुढे धरली की म्हणायची, "उद्या." लवकर निघायची सवलत मालकांकडून वाढवून घेऊन बसनंच जात राहिली, आणि काम अर्धवट टाकून परत यायची. मालक कुरकुरायला लागले. दादाचा पारा चढला. "लायसन्स काय फ्रेम करून भिंतीवर लावायचंय का?"

सासूबाई म्हणाल्या, "भित्री आहे ती. मी आधीच म्हटलं होतं."

एका दुपारी वाळलेले कपडे घडी करत आम्ही दोघीच बसलो होतो. तिच्या रुमालांच्या कप्प्यात, अगदी तळाशी, लायसन्स उलटं घालून ठेवलेलं मला दिसलं. मी विचारायच्या आत तीच बोलली.

"ते माझं नाही."

"अगं, फोटो तुझा आहे."

"फोटो माझा. पाय मास्तरांचे."

शिकाऊ गाडीत मास्तरांच्या बाजूलाही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. पहिल्या दिवशीच मास्तरांनी तिला सांगितलं होतं, हे फक्त इमर्जन्सीसाठी, तसं काही आलं तर मी सांगेन. मास्तरांनी कधी काही सांगितलं नाही. म्हणून ती धरून चालली, इमर्जन्सी कधी आलीच नाही. जे थांबलं ते आपण थांबवलं, जे चढलं ते आपण चढवलं. टेस्टच्या दिवशीही मास्तर शेजारी होते, परीक्षा घेणारे साहेब मागे. चढावर मागून जोरात हॉर्न वाजला आणि तिचा पाय जागच्या जागी गोठला. गाडी मात्र थांबली. पेडल तिच्या तळव्याखालून आपोआप खाली गेलं. मग तिला आधीचे सगळे दिवस आठवले. पेडल दर वेळी तिच्या पायाच्या आधी किंचित खाली गेलेलं असायचं. तिला वाटायचं, गाडीच तशी आहे.

"मी तिला बरोबर ये म्हणाले, वहिनी." लॅबमधल्या बाईबद्दल ती बोलत होती. दोन्ही तळहात मांडीखाली दाबून पुढेमागे हलत होती. "मी जेवताना सांगायचे, चौक ओलांडला. तुम्ही सगळे ऐकत होतात. मला वाटलं, मला येतंय." घडी केलेला टॉवेल तिनं तोंडावर धरला आणि बराच वेळ काढला नाही. रडत नव्हती. नुसती तोंड लपवून बसली होती.

संध्याकाळी मी नवऱ्याला विचारलं. तो आधी पेपरात डोकं घालून बसला. मग म्हणाला, "मीच मास्तरांना म्हटलं होतं, जरा सांभाळून घ्या. अगं, सगळेच सांगतात!"

मौनी दारात उभी होती, ते त्याला दिसलं नव्हतं. ती दिसताच त्याची मान खाली गेली. मला वाटलं आता ही चिडणार. ती फक्त म्हणाली, "दादा, त्यातलं माझं किती आणि मास्तरांचं किती?"

त्याला कुठे माहीत होतं!

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन मास्तरांकडे गेली. तिनं तोच प्रश्न विचारला. मास्तर मिशी चोळत राहिले. "ताई, सगळ्यांचंच करावं लागतं थोडंथोडं. पास झाले नाहीत तर लोक दुसऱ्या मास्तरकडे जातात. मग सवयच लागते पायाला. खरं सांगू का, किती दाबला ते माझं मलाच कळत नाही."

"मग तुम्ही पाय वर घ्या."

"म्हणजे?"

"सीटवर मांडी घाला. मी चालवते."

मास्तर माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "घाला."

त्यांनी चपला काढल्या आणि एवढ्याशा जागेत कशीबशी मांडी घातली. गुडघा गिअरला लागत होता, पोट पट्ट्यातून बाहेर येत होतं. "बायकोला फोन करून ठेवतो," ते म्हणाले. मी मागे बसून देवाचं नाव घ्यायला लागले.

गल्लीत बरं चाललं. गाडी दोनदा बंद पडली, एकदा कचऱ्याच्या डब्याला घासता घासता वाचली. मग चौक आला. सिग्नल हिरवा झाला आणि गाडी हिसका देऊन मेली, ऐन रांगेच्या तोंडाशी. मागून हॉर्नचा कल्लोळ सुरू झाला. एका रिक्षावाल्यानं शेजारी येऊन विचारलं, "पाय घरी विसरून आलात का बाई?" मौनीनं स्टिअरिंग सोडलं आणि दोन्ही कानांवर हात दाबले. डोळे मिटले. शाळेच्या गणवेशातली मुलं झेब्रा पट्ट्यांवर उभी राहून आमच्या काचेतून आत बघत होती. मला जमिनीत शिरावंसं वाटलं, मग तिचं काय झालं असेल?

मास्तरांचा एक पाय हळूच खाली सरकला.

"पाय वर," मौनी म्हणाली. डोळे मिटलेलेच.

मास्तरांनी पाय वर घेतला. सिग्नल पुन्हा लाल झाला. तिनं कानांवरचे हात काढले आणि स्वतःशीच बोलायला लागली, मोठ्यानं, रिक्षावाल्याला ऐकू जाईल असं. "क्लच. न्यूट्रल. किल्ली. पहिला. आरसा. आता सोडायचा." हिरवा झाला. गाडी थरथरली आणि निघाली.

पुढे रिकाम्या जागी तिनं गाडी उभी केली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "सगळ्यांनी बघितलं."

"बघितलं," मास्तर म्हणाले. त्यांच्या पायाला मुंग्या आल्या होत्या, ते पोटऱ्या चोळत होते. प्रथमच ते हळू आवाजात बोलले. "आता मोजून सांगतो, ताई. चढ तुम्हाला येत नाही. वळताना उशीर करता. हॉर्न वाजला की गोठता. बाकी सगळं तुमचं."

"चढ येत नाही. वळायला उशीर. हॉर्नला गोठते. बाकी माझं," तिनं म्हणून बघितलं. मग पुन्हा एकदा म्हणून बघितलं. हात तोंडावरून खाली आले.

त्यानंतर मास्तरांनी तिला मांडी घालूनच शिकवलं. लॅबमधल्या बाईला तिनं जाऊन सांगितलं, "तेव्हा मला येत नव्हतं. मी चुकीचं बोलले होते." हे सांगताना कुठे बघायचं ते न कळून ती म्हणे साच्यातल्या दातांकडे बघत होती. बाई म्हणाली, "बरं. येईल तेव्हा सांग." ते सांगायला मौनीला बराच काळ लागला.

आता ती रोज जाते. चढ टाळून लांबच्या सपाट रस्त्यानं, गर्दीच्या आधी निघून. हॉर्न ऐकू यायला हवा म्हणून कानांत कापसाचे बोळे घालत नाही, आणि मोजे काढून चालवते. तळव्याला पेडल कळलं पाहिजे म्हणते. गाडीच्या काचेवरचं लाल एल काढायला दादा कितीदा गेला. ती काढू देत नाही. अजून एखाद्या दिवशी चौकात गाडी बंद पडते, आणि त्या दिवशी ती मान खाली घालून घरात शिरते, कुणाशी बोलत नाही. आम्हीही विचारत नाही.

परवा मी तिच्याबरोबर देवळात निघाले होते. शेजारी बसले, पट्टा लावला. ती किल्ली फिरवेना.

"काय गं?"

"वहिनी, पाय वर."

दादाच्या गाडीला त्या बाजूला पेडल नाहीतच. ते तिलाही माहीत आहे, मलाही. शेजारी बसणाऱ्या प्रत्येकालाच ती हे सांगते. लॅबमधली बाई रोज सीटवर पाय घेऊन बसते. गुडघे दुखतात म्हणून सासूबाई मुकाट्यानं मागे बसतात.

मी चपला काढल्या आणि मांडी घातली.

"क्लच," मौनी म्हणाली.